दहाव्या मजल्यावरचे पाठीराखे

सिंगापूरमध्ये यिशुनला भाड्याच्या खोलीत राहायला गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. तांजोंग पगारला एका बँकेच्या हिशेब विभागात नोकरी होती. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच होता, की पुण्यात समोरच्या मुलांचा चेंडू आमच्या गॅलरीत आला की आई तो परत द्यायची नाही.

घर एका मलाय कुटुंबाचं होतं. एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातली एक खोली माझी. घरमालकीण पन्नाशीची, हॉलमध्येच शिलाई मशीन टाकून बायकांचे कपडे शिवायची. तिला मी मकचिक म्हणायचे, म्हणजे मावशी. तिचा नवरा टॅक्सी चालवायचा, तो पाकचिक. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, तेवीस वर्षांचा, सैन्यातली सक्तीची दोन वर्षं संपवून एअरकॉन दुरुस्तीच्या कंपनीत लागलेला. मी राहायला गेले त्या दिवसापासून तो मला ‘काक’ म्हणायला लागला. मलायमध्ये त्याचा अर्थ ताई. मराठीत काय होतो ते मी त्याला सांगितलं, तेव्हा तो जेवता जेवता इतका हसला की मकचिकने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी त्याला ‘अदिक’ म्हणायचे, धाकटा भाऊ. आमचं सगळं बोलणं मलाय वळणाच्या इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत लिहितेय.

अदिक आठवडाभर कंपनीचा निळा शर्ट घालून सकाळी सातला निघायचा आणि संध्याकाळी घामाने डबडबून परत यायचा. पण शनिवारी दुपारी त्याचं वेगळंच रूप निघायचं. आधी बाथरूममध्ये मशीन फिरवून डोकं तुळतुळीत करायचा. मग गळ्यापर्यंत बटणं लावलेला चौकड्यांचा शर्ट, खांद्यावरून गॅलिस, घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स, आणि पायात डाळिंबी रंगाचे जाडजूड बूट. ते बूट तो अर्धा तास पॉलिश करायचा. सिंगापूरच्या उकाड्यात, जिथे सगळं गाव चपला घालून फिरतं, तिथे हा प्राणी पिंडरीपर्यंत लेस बांधून कुठे जातो, मला कळेना.

मी इंटरनेटवर शोधलं आणि घाबरले. टक्कल, बूट, गॅलिस म्हणजे स्किनहेड. इंग्लंडमधले, काळ्या-गव्हाळ माणसांना मारणारे, असं काय काय तिथे लिहिलेलं होतं. रात्री जेवताना मी सरळ विचारलं.

“अदिक, तू स्किनहेड आहेस?”

“हो.”

“मग मी इंडियन आहे, माझं काय?”

तो आपल्या हाताकडे बघायला लागला. हात माझ्यापेक्षा सावळा होता. “काक, ते वाईट लोक नंतर घुसले. सुरुवातीला ती कारखान्यातली, गोदीतली पोरं होती. त्यांच्यात काळी पोरंही होती, सगळी एकाच गाण्यांवर नाचायची. आम्ही त्या पोरांसारखे. कामकरी.” मग शर्टावरचा बिल्ला पुढे करून म्हणाला, “हे बघ, इथे लिहिलंय. द्वेष नको.”

बिल्ल्यावर खरंच तसं लिहिलेलं होतं. मकचिक मात्र मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “बिल्ला द्वेष नको म्हणतो आणि हा महिन्याला ओठ फोडून घरी येतो.”

ओठ फुटायचा तो फुटबॉलमुळे. अदिक आणि त्याचे मित्र एका स्थानिक क्लबचे पाठीराखे होते. स्टेडियम यिशुनपासून बसने अर्ध्या तासावर. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली निम्मी पोरं आता बाप झाली आहेत. सामन्याला प्रेक्षक जेमतेम, पण ही टोळी गोलपोस्टच्या मागे उभी राहून पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत गायची, आणि समोरच्या क्लबचीही अशीच टोळी असली की सामना संपल्यावर बाहेर बाचाबाची व्हायची.

एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालत होते. मकचिक शेजारी येऊन उभी राहिली.

“तू शनिवारी काय करतेस?”

“कपडे धुते. आईशी फोनवर बोलते.”

“कपडे मी धुते. तू त्याच्याबरोबर जा. बरोबर मोठी बहीण असली की मारामारी करायला लाज वाटेल.”

मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, त्यालाही कळत नाही.

तर अशी मी राखणदार म्हणून गेले. बसमध्ये अदिक फुगून बसला होता. स्टेडियमपाशी त्याचे मित्र भेटले, पंचवीस-तीस जण, मुलगे सगळे तुळतुळीत. त्यांच्यात तीन-चार मुलीही होत्या, कपाळावर झिपऱ्या आणि मागे बारीक कापलेले केस. मला वाटलं होतं, ही मला हाकलून देतील. पण अदिकने “ही माझी काक” म्हटल्यावर एकेकाने पुढे येऊन, डोकं झुकवून माझा हात हातात घेतला. ज्यांची मला भीती वाटत होती ते सगळे ओळीने मला नमस्कार करत होते. मग नमाजाची वेळ झाली आणि स्टँडच्या मागच्या फरशीवर बूट काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एका बुटाला एवढी लेस की काढता काढता सामना सुरू व्हायची वेळ आली. मी सगळ्यांचे फोन, पाकिटं, घड्याळं सांभाळत उभी होते.

त्यांचा म्होरक्या जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. बुटका, रुंद खांद्यांचा, आवाज फाटलेला. तो पूर्ण नव्वद मिनिटं मैदानाकडे पाठ करून, कठड्यावर उभा राहून स्टँडला गाणी सांगायचा. आपल्या क्लबचा गोल झाला हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळायचं. एकदा मी त्याला विचारलं, की तू सामना कधी बघतोस? म्हणाला, “घरी गेल्यावर फोनवर. पण तुमचे चेहरे फोनवर दिसत नाहीत.”

त्या पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बसायचं ठरवून गेले होते. दहा मिनिटांत उभी राहिले, कारण सगळेच उभे होते आणि काही दिसत नव्हतं. वीस मिनिटांत टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या हाफमध्ये गात होते. शब्द मलाय, अर्थ माहीत नाही, पण चाल सोपी. बँकेत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीटिंगमध्ये मी बोलले की साहेब पुढे झुकून “काय?” म्हणायचे. इथे मी जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि कुणीही वळून बघत नव्हतं. फार बरं वाटलं. घरी जाताना घसा बसला होता. आईने फोनवर विचारलं, सर्दी झाली का? मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात भाजी परतताना तेच गाणं गुणगुणत होते. मकचिकच्या हातातून डाव खाली पडला. ते गाणं रेफरीच्या आईविषयी होतं, हे मला तेव्हा कळलं. अदिक आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता.

त्यानंतर मी जातच राहिले, मकचिकने न सांगता.

एकदा अदिक आमच्या ऑफिसात आला. आमच्या मजल्यावरचा एअरकॉन बिघडला होता आणि त्याची कंपनी दुरुस्तीला आली. निळ्या शर्टात, डोक्यावर टोपी, शिडीवर चढलेला. मी जेवून आले आणि मोठ्याने म्हटलं, “अरे अदिक!” त्याने खाली बघितलं, “येस मॅडम,” म्हणाला, आणि परत छताच्या भोकात डोकं घातलं. मला वाईट वाटलं. संध्याकाळी घरी त्यानेच विषय काढला.

“काक, रागावू नको. स्टाफशी बोललेलं सुपरवायझरला चालत नाही. सवय झालीय. दोन तास मी त्या लोकांच्या डोक्यावर उभा होतो, एकानेही वर बघितलं नाही. फक्त तू बघितलंस आणि मी गडबडलो.” मग म्हणाला, “शनिवारी मी तोंड उघडलं की सगळं स्टेडियम वळून बघतं. तेवढं एक आहे.”

पुढच्या वेळी कंपनीने त्याला पाठवलं तेव्हा तो शिडीवरून हळूच “काक” म्हणाला. मुंबईची माझी सहकारी दचकून म्हणाली, “हा तुला काक का म्हणतोय?” मी म्हटलं, भाऊ आहे माझा.

ढोल माझ्या गळ्यात आला तो अपघाताने. त्यांचा ढोलवाला कारखान्यात मनगट मुरगाळून बसला आणि बाकी सगळ्यांना उड्या मारायच्या होत्या. वेल्डर म्हणाला, “काक एका जागी उभी असते, तिला द्या.” बँडवाल्यांकडे असतो तसला मोठा ढोल. पुण्याची आहे म्हटल्यावर कुणालाही वाटेल, हिला ढोल येत असणार. मला काहीही येत नव्हतं. मी घाबरले की घाई करायचे, आणि गाणं संपायच्या आत ढोल संपायचा. वेल्डर कठड्यावरून दोन्ही हात खाली दाबत ओरडायचा, “हळू, काक, हळू!” ढोलवाल्याचं मनगट बरं झालं तरी त्याने ढोल परत मागितला नाही. उड्या मारण्यात जास्त मजा आहे म्हणाला.

मोठा बॅनर मकचिकने शिवला. सुरुवातीला नाही नाही म्हणत होती. मग एक दिवस पोरांनी रंगाने लिहिलेला जुना बॅनर तिने बघितला, अक्षरं पावसाने ओघळलेली. “हे घेऊन तुम्ही लोकांसमोर उभे राहता?” म्हणाली. कुणाच्या तरी लग्नाच्या पडद्यांचं उरलेलं कापड काढलं, क्लबच्या रंगाची अक्षरं कापून त्यावर टाचली आणि दुहेरी शिलाई घातली. पाकचिकने दोन टोकं धरून हॉलमध्ये उभं राहून बघितलं. हॉल पुरला नाही, तो दारातून कॉरिडॉरमध्ये गेला.

मग तो सामना आला. शेजारच्या उपनगराच्या क्लबशी. दोन्ही टोळ्यांचं जुनं वैर होतं, कशावरून ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सामना बरोबरीत सुटला. आम्ही सामान आवरत होतो. मी ढोलाचा पट्टा सैल करत होते, तेवढ्यात समोरच्या टोळीतली दोन पोरं कठड्यापाशी आली, त्यांनी बॅनर ओढून काढला आणि पळाली.

आमची पोरं त्यांच्यामागे सुटली. मीही पळाले, पोटावर ढोल घेऊन. तो दर पावलाला गुडघ्यावर आपटत होता. का पळाले ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी राखणदार होते, पण थांबवायला पळाले असं म्हणणं खोटं होईल. मकचिकचा बॅनर नेला होता आणि मला तो परत हवा होता.

बसस्टॉपपाशी दोन्ही टोळ्या भिडल्या. गुद्दे, ढकलाढकली, एक कचऱ्याचा डबा आडवा झाला. बसची वाट बघणारी माणसं मागे सरकली. अदिक एका उंच पोराच्या अंगावर गेला, दोघे खाली पडले, आणि अदिक उठला तेव्हा त्याच्या भुवईतून रक्त येत होतं. त्या पोराच्या नाकातून. अदिकचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“काक, मागे जा! तुझा पास जाईल!”

तेव्हा मला ते आठवलं. मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर होते, पोलिसांच्या यादीत नाव गेलं तर पुण्याचं तिकीट. मी रस्ता ओलांडून समोरच्या कॉफीशॉपमध्ये गेले. दुकानदार म्हाताऱ्या चिनी काकांनी एकही प्रश्न न विचारता ढोल उचलून गल्ल्यामागे ठेवला आणि माझ्यासमोर बार्लीच्या पाण्याचा ग्लास आणला. काही मिनिटांत पोलिसांची गाडी आली. गाडी बघताच सगळी मारामारी जागच्या जागी विरघळली. हाती लागलेले आमचे नऊ जण आणि समोरचे तितकेच फुटपाथवर ओळीने बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बॅनर नेणारी दोघं मात्र केव्हाच निसटली होती.

अदिकला भुवईवर टाके पडले. घरी मकचिकने आरडाओरडा केला नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. तिने फडक्यात बर्फ बांधून दिला आणि विचारलं, “बॅनर कुठाय?”

“नेला त्यांनी.”

ती मशीनवर जाऊन बसली. पाकचिक माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “आमच्या वेळी जुन्या मोठ्या स्टेडियमवर आम्ही...” मकचिकने मशीन थांबवली. पाकचिकनेही वाक्य थांबवलं.

पुढचे काही दिवस अदिक फोन वाजला की दचकायचा. शेवटी पोलिसांनी सगळ्यांना ताकीद देऊन सोडलं. पण क्लबने नऊ जणांना हंगाम संपेपर्यंत स्टेडियमची बंदी घातली, त्यात अदिक होता आणि वेल्डरही. माझं नाव कुठेच नव्हतं. मला हायसं वाटलं आणि मग अदिककडे बघून मी ते लपवलं. शनिवारी तो डोकं न भादरता सोफ्यावर पडून राहायला लागला. केस काट्यांसारखे वर आले. मकचिकला हेच हवं होतं असं मला वाटलं होतं, पण ती त्याच्याभोवती घुटमळायची. एकदा तिनेच त्याला विचारलं, “बूट पॉलिश नाही करायचे?”

अशाच एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक डोक्यावरून स्कार्फ घेतलेली बाई, आणि तिच्या मागे तो उंच पोरगा, नाकावर पट्टी लावलेला. बाईच्या हातात पिशवी होती. पिशवीत बॅनर, धुऊन इस्त्री केलेला.

“ह्याच्या मित्रांनी आमच्या घरी आणून ठेवला होता. शिलाई बघितली,” ती बाई मकचिकला म्हणाली, “आणि ओळखली. माझ्या मुलीच्या लग्नाचे कपडे आणि पडदे तूच शिवले होतेस. त्याच पडद्यांचं कापड आहे हे.”

मकचिकने तिला आत घेतलं. पोरगा दारातच उभा. त्याची आई न वळता म्हणाली, “आत ये. बस. त्याच्या शेजारी.”

अदिक आणि तो पोरगा एकाच सोफ्यावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. एकाच्या भुवईला टाक्यांची खूण, दुसऱ्याच्या नाकाला पट्टी. मकचिकने नारळाच्या मिठायांची ताटली दोघांच्या मधोमध ठेवली. दोघी आया कापडाविषयी, लग्नाविषयी, मुलीच्या बाळंतपणाविषयी बोलत बसल्या. पोरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

ताटली अर्धी संपल्यावर अदिक म्हणाला, “नाक मोडलं?”

“नाही. अजून सुजलंय.”

“कुठे कामाला आहेस?”

“गोदामात. विमानतळाजवळ. तू?”

“एअरकॉन.”

“आमच्या घरचा पाणी गळतोय.”

“फिल्टर धुतलास?”

“फिल्टर काढतात?”

अदिकने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मग दोघे उठून आमच्या हॉलमधल्या एअरकॉनपाशी गेले आणि अदिकने झाकण उघडून त्याला फिल्टर काढून दाखवला. आया बोलायच्या थांबल्या. मकचिकने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बॅनर ओढून नेल्याची माफी कुणी मागितली नाही. ताटली मात्र रिकामी झाली.

बॅनर आला, पण तो धरायला कोण? वेल्डर नाही म्हटल्यावर स्टँडवर येणारे दहा-बाराच राहिले, आणि गाणं सुरू कुणी करायचं ते कुणालाच सुधरेना. पुढच्या सामन्याला मी ढोल घेऊन गेले आणि पहिला अर्धा तास नुसती उभी राहिले. मैदानातल्या खेळाडूंचे आवाज ऐकू येत होते, इतकं शांत.

आणि मग वरून आवाज आला.

स्टेडियमच्या कुंपणापलीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला एचडीबीचा उंच ब्लॉक होता. त्याच्या दहाव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये कठड्यापाशी ओळीने नऊ डोकी. लांबून चेहरे ओळखू येत नव्हते, पण भादरलेली डोकी दिव्याखाली चमकत होती. वेल्डरचा फाटका आवाज रस्ता ओलांडून आला आणि मागोमाग सगळ्यांचा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर अदिकने सांगितलं, की त्यांच्यातला एक जण जेवणाचे डबे पोचवायचं काम करायचा. त्या ब्लॉकमध्ये डबा द्यायला गेला आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर त्याला अख्खं मैदान दिसलं.

मी ढोल वाजवायला सुरुवात केली आणि अर्थातच घाई केली. वरून नऊ जणांनी एकदम टाळ्या वाजवून मला ताल दिला. हळू. मी थांबले, त्यांच्या टाळ्या ऐकल्या, आणि त्यात ढोल मिसळला. स्टँडवरची पोरं वळून वर बघायला लागली आणि मग गायला लागली. एक ओळ वरून, एक खालून. आवाज यायला जरासा वेळ लागायचा, त्यामुळे दर वेळी वाटायचं, की आता काही येणार नाही, आणि तेवढ्यात यायचा. आमच्या गोलकीपरने खेळ थांबलेला असताना ब्लॉककडे बघून हात उंचावला. सामना आम्ही हरलो. पण मी परतीच्या बसमध्ये ढोल मांडीवर घेऊन एकटीच हसत बसले होते आणि समोरची शाळकरी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

वर काय झालं ते अदिकने घरी साभिनय सांगितलं. पहिल्या गाण्यालाच एका म्हाताऱ्या चिनी आजीने दार उघडलं आणि पोलिसांना बोलवेन म्हणाली. नऊच्या नऊ जणांनी वाकून माफी मागितली. वेल्डर म्हणाला, आजी, आम्ही हळू गाऊ. आजी म्हणाली, “हळू गाता येतं का तुम्हाला?” मग कठड्यावरून वाकून बघत तिने विचारलं, “स्कोअर काय झाला?” पुढच्या सामन्याला तिने स्वतःसाठी स्टूल बाहेर आणून ठेवलं. त्याच्या पुढच्या वेळी पोरांनी तिला संत्री नेली. सामना संपला की कॉरिडॉर झाडून, जिन्यातल्या बाटल्याही उचलून आणायचा नियम वेल्डरने केला होता. पाकचिकही एकदा टॅक्सी खाली लावून वर गेला. त्याने मकचिकला सांगितलं नव्हतं, पण आवाज बसल्यामुळे त्याला दुसऱ्या दिवशी बोलता येईना.

एका सामन्याला मकचिक माझ्याबरोबर स्टँडवर आली. ती बॅनरची एक बाजू धरून उभी राहिली. दुसरी बाजू कुणी धरावी, तर जुन्या ढोलवाल्याने, ज्याला ती आधी ‘तो नालायक’ म्हणायची. सगळा वेळ ती मैदानाकडे कमी आणि दहाव्या मजल्याकडे जास्त बघत होती. “त्यातला आपला कोणता?” तिने विचारलं. मी म्हटलं, डावीकडून तिसरा. तिने हात हलवला. वरून नऊही जणांनी हलवला.

हंगाम संपला, बंदी उठली, पोरं परत खाली आली. मारामाऱ्या पूर्ण थांबल्या असं मी म्हणणार नाही, पण शेजारच्या उपनगराच्या टोळीशी पुन्हा काही झालं नाही. नाकवाला पोरगा कधीमधी अदिकला एअरकॉनविषयी विचारायला फोन करायचा. अदिकने पुढे सुपरवायझरची परीक्षा दिली आणि आपल्या हाताखालच्या पोरांना ऑफिसात बोलायची परवानगी दिली, असं तो स्वतःच सांगतो. वेल्डरचं लग्न झालं. बायकोने अट घातली की निदान निकाहच्या फोटोंपुरते केस वाढव. ते फोटो बघून आम्ही त्याला ओळखलं नाही.

माझंही लग्न ठरलं. तोवर मला पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली होती आणि आम्ही टॅम्पिनीसला फ्लॅट भाड्याने घेतला. सामान न्यायला गाडीवाला बोलवायचा होता, पण अदिकने कंपनीची व्हॅन रविवारपुरती मागून आणली आणि सोबत सहा जण. माझा नवरा मुंबईचा, बँकेतला, शांत माणूस. त्याने दार उघडलं तर समोर सहा तुळतुळीत डोकी, दोघांच्या खांद्यावर गादी. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “हे सगळे तुझ्या माहेरचे?”

मी हो म्हटलं.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर वर्तमानपत्रं पसरून आम्ही जेवलो. मी मटण-मासे खात नाही म्हणून माझ्यासाठी मकचिकने अंड्याचा वेगळा भात आणला होता. जेवण झाल्यावर ती गळ्यात टेप अडकवून खिडक्या मोजायला लागली, कुणी सांगितलेलं नसताना, आणि माझा नवरा तिच्यामागे फिरत आकडे फोनमध्ये टिपत होता. अदिक बेडरूममधल्या एअरकॉनचं झाकण उघडून उभा होता. आतून त्याचा आवाज आला, “काक, हा आधीच्या भाडेकरूने कधी धुतलाच नाही!” आणि मी बाथरूममध्ये बादली शोधायला गेले.